नेटवर्क छान आलंय पण स्टॅबिलिटी 0.206, पेपरात लिहू की नको?

प्रश्न: ताई, मी मानसशास्त्रात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. नर्सिंग कॉलेजच्या साधारण 400 मुलींकडून पीएचक्यू-9 (डिप्रेशनचे नऊ प्रश्न) आणि जीएडी-7 (अँक्झायटीचे सात प्रश्न) मराठीतून भरून घेतले आणि आर या सॉफ्टवेअरमध्ये सोळाही प्रश्नांचं नेटवर्क काढलं, म्हणजे प्रत्येक प्रश्न एक ठिपका (नोड) आणि दोघांतला संबंध म्हणजे रेघ (एज). चित्र मस्त आलंय, 'काळजी थांबवता न येणं' हा नोड सगळ्यात सेंट्रल. पण बूटनेट या पॅकेजमध्ये स्ट्रेंग्थचा (नोडच्या सगळ्या रेघांच्या वजनाच्या बेरजेचा) सीएस कोएफिशंट, म्हणजे स्टॅबिलिटीचा आकडा, 0.206 आला. सर म्हणतात हा आकडा टाकूच नको, रिव्ह्यूअरने विचारलं तर बघू. लॅबमधली मैत्रीण म्हणते सीड (रँडम निवड जिथून सुरू होते तो आकडा) बदल, आणि खरंच बदलला तर 0.283 येतो! त्याआधी मी फक्त 10 किंवा जास्त स्कोअरवाल्या मुलींचं नेटवर्क करून पाहिलं होतं, ते विचित्र आलं म्हणून सोडून दिलं. हे सगळं खरं खरं लिहायला बसले तर पेपरात उरणार काय? (नाव छापू नका, कोल्हापूर)

उत्तर:

अगं, उरणार बरंच काही, फक्त तू ज्याला पेपर समजतेयस ते नाही उरणार. 0.206 टाक, 0.283 पण टाक, आणि ते विचित्र आलेलं नेटवर्क पण टाक. कसं टाकायचं ते सांगते, कारण 'प्रामाणिक राहा' एवढं सांगून कुणाचं भलं होत नाही, वाक्य काय लिहायचं तिथेच गाडी अडते.

आधी तो आकडा काय म्हणतोय ते नीट बघू, कारण पत्रावरून वाटतंय की तू आणि सर दोघंही त्याला पास-नापासचा निकाल समजताय. सीएस कोएफिशंट म्हणजे सॅम्पलमधली जास्तीत जास्त किती माणसं काढून टाकली तरी उरलेल्यांवरून काढलेली सेंट्रॅलिटी (कुठला नोड बाकीच्यांशी किती जोडलेला) मूळ सेंट्रॅलिटीशी निदान 0.7 कोरिलेट राहते, तेही 95 टक्के खात्रीने. तुझ्या बाबतीत उत्तर आलं की साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे ऐंशीएक मुली कमी झाल्या तोवर ठीक, त्यापुढे कोण वर कोण खाली याचा भरवसा नाही. एप्सकॅम्प, बोर्सबूम आणि फ्रीड या तिघांनी 2018 च्या ट्युटोरियल पेपरात म्हटलंय की हा आकडा 0.25 च्या खाली नसावा आणि शक्यतो 0.5 च्या वर असावा, आणि त्यांनीच हेही म्हटलंय की या मर्यादा काहीशा मनाने ठरवलेल्या आहेत, दगडावरची रेघ नाही. हे दुसरं वाक्य कुणी वाचत नाही, सगळे 0.25 तेवढं पाठ करतात.

आता सीडची गंमत. बूटनेट डीफॉल्टला 5 टक्के माणसं काढण्यापासून 75 टक्के काढण्यापर्यंत फक्त 10 पायऱ्या घेतं. म्हणजे उत्तर 0.128, 0.206, 0.283, 0.361 अशा ठरलेल्या पायऱ्यांवरच पडणार, मधलं काही येऊच शकत नाही. आणि ती 0.25 ची मर्यादा नेमकी दोन पायऱ्यांच्या मध्ये येते. त्यामुळे सीड बदलल्यावर तुझा निकाल सुधारला वगैरे काही नाही, तुझा खरा आकडा त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी लोळतोय आणि मोजपट्टी जाडी आहे एवढंच. मैत्रिणीचा सल्ला म्हणजे दहा सेल्फी काढायच्या आणि बरा आलेला एक स्टेटसला ठेवायचा. तू उलट कर: पायऱ्या वाढव, 10 च्या 50 कर, बूटस्ट्रॅपही (सॅम्पलमधूनच पुन्हा पुन्हा नमुने घेऊन मोजणं) डीफॉल्ट 1000 वरून वाढव, सीड आधीच एक ठरवून कोडमध्ये लिहून ठेव, आणि मग जे येईल ते आलं. पेपरात लिही की डीफॉल्ट पायऱ्यांवर सीडनुसार 0.206 किंवा 0.283 मिळत होता म्हणून पायऱ्या वाढवल्या, आणि आता इतका आला. दोन ओळींचं काम आहे, आणि ज्या रिव्ह्यूअरला हे पॅकेज माहीत आहे तो तिथेच ओळखेल की या मुलीला आपलं काम कळतं.

समजा पायऱ्या वाढवून 0.24 आला. मग काय? मग 'काळजी थांबवता न येणं हे सर्वात सेंट्रल लक्षण' हे वाक्य ॲब्स्ट्रॅक्टमधून जाईल. जाऊ दे ना. सेंट्रॅलिटीचा क्रम डळमळतो तेव्हा बरेचदा कारण एवढंच असतं की बऱ्याच नोड्सची स्ट्रेंग्थ जवळजवळ सारखी आहे, मग क्रम हलणारच, त्याचा अर्थ नेटवर्क बिघडलंय असा होत नाही. एजेस वेगळे तपासायचे असतात, त्यांचे बूटस्ट्रॅप इंटर्व्हल काढ. जे एज जाड आहेत आणि ज्यांचे इंटर्व्हल अरुंद आहेत ते तुझे खरे निकाल, त्यांच्यावर पेपर उभा राहतो. फक्त एक काळजी घे, ईबीआयसी-ग्लासोसारखी रेग्युलरायझेशनवाली पद्धत वापरली असेल तर त्या इंटर्व्हलमध्ये शून्य येतं की नाही यावरून 'सिग्निफिकंट' असं म्हणायचं नसतं, तो इंटर्व्हल अंदाज किती अचूक आहे ते दाखवतो. आणि एज आला नाही म्हणजे संबंध नाही हे सिद्ध झालं असंही नाही, पद्धतीनेच छोटे आकडे शून्यावर ओढलेले असतात. चारशे मुली आणि सोळा नोड म्हणजे 120 संभाव्य एज, त्यातले किती नुसते ताकद कमी पडल्यामुळे गायब झाले ते चित्र बघून कळत नाही.

आता त्या सेंट्रल नोडबद्दल, खरं तर मला सीएसपेक्षा इथेच जास्त खटकलं. जीएडी-7 मधला दुसरा प्रश्न काळजी थांबवता किंवा आवरता न येण्याचा आहे आणि तिसरा वेगवेगळ्या गोष्टींची फार काळजी वाटण्याचा. मराठीत भरताना मुलींना या दोन प्रश्नांत किती फरक जाणवला असेल सांग बरं! दोन प्रश्न जवळपास एकच गोष्ट विचारत असतील तर त्यांच्यातला एज जाडजूड येणार आणि दोघांची स्ट्रेंग्थ फुगणार, यात मानसिक आजाराबद्दल नवीन काही कळलं नाही, प्रश्नावलीबद्दल कळलं. तसंच पीएचक्यूचा आठवा प्रश्न आणि जीएडीचा पाचवा, दोन्हीत चुळबुळ आणि अस्वस्थपणा आहे. शिवाय पीएचक्यूचा तिसरा प्रश्न एकाच दमात झोप न येणं आणि फार झोप येणं दोन्ही विचारतो, पाचवा भूक न लागणं आणि जास्त खाणं. यांचा नोड केला तर तो नक्की कशाचा नोड? तू प्रश्न एकत्र कर किंवा नको करू, दोन्ही चालतं, पण नोड कसे निवडले, ओव्हरलॅप तपासला का, कशाने तपासला आणि मग काय ठरवलं हे लिहावंच लागतं. नेटवर्कटूल्स पॅकेजमध्ये गोल्डब्रिकर नावाचं फंक्शन आहे ते चालवून बघ, पण त्याचं उत्तर डोळे मिटून घेऊ नको, प्रश्न वाचून स्वतःही ठरव. मराठी भाषांतर कुठलं वापरलं, कागदावर भरून घेतलं की गूगल फॉर्मवर, तेही मेथडमध्ये येऊ दे.

नववा प्रश्न, म्हणजे मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार, यात बहुतेक मुलींनी शून्यच लिहिलं असणार. अशा एका बाजूला कललेल्या प्रश्नावर पॉलिकोरिक कोरिलेशन काढलं तर काही खाने रिकामे राहतात आणि आकडे वेडेवाकडे येऊ शकतात, म्हणून कुठलं कोरिलेशन घेतलं, पॉलिकोरिक की स्पिअरमन, ते सांग आणि दुसऱ्याने करून काय फरक पडला ते सप्लिमेंटमध्ये दे. आणि ज्या मुलींनी शून्यापेक्षा वर लिहिलं त्यांच्यासाठी काय केलं हेही पेपरात हवं: काउन्सेलरकडे पाठवलं, टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 नंबर दिला, फॉर्म निनावी होते म्हणून सगळ्यांनाच माहिती दिली, जे केलं असेल ते. काहीच केलं नसेल तर पेपर बाजूला ठेव आणि आधी एथिक्स कमिटीशी आणि कॉलेजशी बोल.

त्या सोडून दिलेल्या नेटवर्कचं. विचित्र म्हणजे त्यात निगेटिव्ह एज आले असणार, बरोबर? पत्रात लिहिलं नाहीस पण माझी पैज. कारण तू मुली निवडल्यास टोटल स्कोअरवरून आणि टोटल म्हणजे त्याच प्रश्नांची बेरीज. बेरीज 10 किंवा जास्तच हवी म्हटलं की ज्या मुलीला एक लक्षण कमी आहे तिला दुसरं जास्त असावंच लागतं, नाहीतर ती त्या गटात आलीच नसती. मग प्रत्यक्षात काही उलटा संबंध नसतानाही लक्षणं एकमेकांविरुद्ध दिसायला लागतात आणि खरे पॉझिटिव्ह एज बारीक होतात. याला बर्कसन बायस म्हणतात आणि नेटवर्कच्या बाबतीत तो काय करतो यावर डी रॉन, फ्रीड आणि एप्सकॅम्प यांचा 2021 चा पेपरच आहे. म्हणजे तुझं सोडून देणं बरोबर होतं, पण का सोडलं आणि सोडण्याआधी निकाल बघितला होता हे वाचणाऱ्याला कळायला नको का? एक वाक्य: 'सुरुवातीला 10 किंवा जास्त स्कोअर असलेल्या उपगटावर नेटवर्क काढलं होतं, बेरजेवरून निवड केल्याने येणाऱ्या बायसमुळे ते मुख्य निकालात घेतलेलं नाही, सप्लिमेंटमध्ये दिलं आहे.' लाज वाटण्यासारखं यात काही नाही. लपवलंस आणि उद्या थीसिस शोधगंगावर चढल्यावर कुणी जुना सेमिनार रिपोर्ट काढून विचारलं की हे दुसरं नेटवर्क कुठे गेलं, तेव्हा मात्र उत्तर द्यायला जड जाईल.

बाकी निर्णयांचं कसं लिहायचं याला आता निकष आहेत, शोधत बसायला नको. ज्युलियन बर्गर आणि सहकाऱ्यांनी क्रॉस-सेक्शनल (एकदाच घेतलेल्या) डेटावरच्या नेटवर्कसाठी रिपोर्टिंगचे निकष सायकॉलॉजिकल मेथड्स या जर्नलमध्ये दिलेत, 2022 ला ऑनलाइन आले. तो पेपर उघडून शेजारी ठेव आणि मेथड लिही. थोडक्यात, ज्यामुळे नेटवर्क बदलू शकतं ते सगळं हवं: किती फॉर्म अर्धवट होते आणि ते काढले की पेअरवाइज (प्रश्नांच्या दर जोडीला मिळतील तेवढे) घेतलं, पेअरवाइज घेतलं तर मॉडेलला एन (माणसांची संख्या) किती दिला, गॅमा (ईबीआयसी किती कडक ते ठरवणारा आकडा) 0.5 हा डीफॉल्टच ठेवला की बदलला, थ्रेशोल्डिंग (बारीक एज कापणं) केलं का, आरचं व्हर्जन, प्रत्येक पॅकेजचं व्हर्जन. व्हर्जनचं लोकांना फालतू वाटतं पण पॅकेजचे डीफॉल्ट बदलत असतात, दोन वर्षांनी तोच कोड वेगळं नेटवर्क देऊ शकतो आणि मग डोकं आपटत बसायचं. 'ईबीआयसी-ग्लासो वापरला कारण सगळे वापरतात' हे कारण होत नाही हेही सांगून ठेवते. विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्येच मांडलंय की माणसं भरपूर आणि व्हेरिएबल कमी असतील, जसं मानसशास्त्रात बहुतेकदा असतं, तिथे रेग्युलरायझेशनची गरज नाही आणि कधीकधी त्याने खोटे एज वाढतात. तुझे 400 आणि 16, तेव्हा रेग्युलरायझेशनशिवायही एकदा चालव आणि कुठले एज दोन्हीकडे टिकले ते सांग. वाचणाऱ्याला तेच सगळ्यात उपयोगी पडतं.

चित्रावर फार बोलत नाही, पण तू 'मस्त आलंय' म्हणालीस म्हणून सांगते, फ्रुखटरमन-राइनगोल्ड लेआउटमध्ये कोण मध्यभागी आला आणि कोण कोपऱ्यात गेला याला फारसा अर्थ नसतो, तो अल्गोरिदम चित्र सुटसुटीत दिसावं म्हणून आहे. कॅप्शनमध्ये लेआउट लिही, किती वजनाखालचे एज लपवले ते लिही (चित्र काढणाऱ्या क्यूग्राफ पॅकेजमध्ये मिनिमम दिलं की बारीक रेघा दिसतच नाहीत, पण नेटवर्कमध्ये असतात), जाडी कुठल्या कमाल वजनाशी बांधली ते लिही, आणि लाल-हिरवा सोडून निळा-लाल घे म्हणजे रंग ओळखायला त्रास होणाऱ्यांनाही दिसेल. सेंट्रॅलिटीचा प्लॉट झी-स्कोअरवर असेल तर बारीकसे फरकही डोंगराएवढे दिसतात, कच्चे आकडे दे.

सरांना हे सगळं जास्तीचं वाटणार. त्यांना 2017 ची भांडणं दाखव. फोर्ब्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी जर्नल ऑफ ॲब्नॉर्मल सायकॉलॉजीत लिहिलं की लक्षणांची नेटवर्क फारशी रेप्लिकेट होत नाहीत, डेटा होता अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या सर्व्हेंचा, लक्षणं डिप्रेशन आणि अँक्झायटीची, म्हणजे तुझ्याच विषयाची. बोर्सबूम आणि मंडळींनी त्याच जर्नलमध्ये तोच डेटा घेऊन उत्तर दिलं की छान रेप्लिकेट होतात. डेटा तोच, निष्कर्ष उलटे! कुठला गट बरोबर यावर आजही लोक वाद घालतील, पण वाद मुद्द्यावर घालता आला तो कुणी कुठली पद्धत वापरली आणि रेप्लिकेट होणं म्हणजे नक्की काय मोजलं हे समोर होतं म्हणून. त्या सर्व्हेत आणखी एक भानगड होती, मुलाखतीत सुरुवातीची मुख्य लक्षणं नसतील तर पुढचे प्रश्न विचारलेच जात नाहीत, आणि न विचारलेल्या जागी शून्य भरलं की सगळी लक्षणं आपोआप एकमेकांना बांधलेली दिसतात. हे ज्याने लिहिलं नाही त्याच्या नेटवर्कवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. तुझ्याकडे ही अडचण नाही कारण सगळ्यांना सगळे प्रश्न विचारलेत, तर तेही लिही, जमेच्या बाजूचं पण सांगावं माणसाने.

डिस्कशनमध्ये हात आखडता घे. 'या लक्षणावर उपचार केला तर बाकीची लक्षणं कमी होतील' असलं वाक्य मला अशा पेपरांत नेहमी दिसतं आणि दर वेळी चिडचिड होते. तुझा डेटा एकदाच घेतलेला, वेगवेगळ्या मुलींचा, त्यातून एका मुलीच्या आत काय आधी होतं आणि काय नंतर हे कळत नाही, एजला बाण नाहीत. सेंट्रॅलिटी म्हणजे नक्की काय मोजतो यावरच ब्रिंगमन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रश्न उभे केलेत, स्ट्रेंग्थ त्यातल्या त्यात बरी म्हणतात, क्लोजनेस आणि बिट्वीननेस ही सेंट्रॅलिटीची बाकीची मापं तर मानसशास्त्रात कशासाठी काढतात देव जाणे. तू असं लिही: 'बाकी चौदा लक्षणं लक्षात घेतल्यावरही या दोन लक्षणांतला संबंध टिकून आहे, पुढच्या अभ्यासात तो काळाच्या ओघात तपासावा.' आणि प्री-रजिस्ट्रेशन (काय तपासणार ते आधीच नोंदवून ठेवणं) केलेलं नाही ना? मग 'एक्सप्लोरेटरी' हा शब्द ॲब्स्ट्रॅक्टमध्येच टाक, शेवटच्या लिमिटेशनच्या परिच्छेदात कोंबू नको.

डेटा द्यायचा का, हा प्रश्न सर काढतीलच. मुलींच्या संमतीपत्रात डेटा शेअर करण्याचं नसेल तर कच्चा डेटा देऊच नको, पण सोळा बाय सोळाचं कोरिलेशन मॅट्रिक्स आणि एन दे, त्यावरून कुणीही तुझं नेटवर्क पुन्हा काढू शकतं. बूटस्ट्रॅप नाही करता येणार, पण अर्धं काम होतं. कोड ओएसएफ या खुल्या वेबसाइटवर टाक, कॉमेंटसकट, नीटनेटका नसला तरी चालेल, तसाच टाक.

राहता राहिले सर. त्यांच्याशी 'सर, हे चुकीचं आहे' असं जाऊन बोलू नको, त्यांनी कदाचित सीएस आल्यापासून नेटवर्कचे पेपर फारसे केले नसतील आणि विद्यार्थिनीचा पेपर पडू नये एवढंच त्यांच्या डोक्यात असेल. तू बोलण्याऐवजी ड्राफ्ट घेऊन जा. मेन टेक्स्टमध्ये स्टॅबिलिटीची तीन वाक्यं, बाकी सगळं सप्लिमेंटमध्ये, आणि बर्गरच्या पेपरची प्रिंट सोबत, त्यात ज्या ज्या गोष्टी मागितल्यात त्यांच्यापुढे आपल्या ड्राफ्टचा पान नंबर पेन्सिलने लिहून. म्हण, 'सर, रिव्ह्यूअरकडे ही यादी असणारच, पहिल्याच फेरीत मागतील, तर आधीच देऊन टाकू का?' हे खोटंही नाही, नेटवर्कचा पेपर वाचणारे स्टॅबिलिटी विचारतातच आणि तेव्हा 0.206 बाहेर आला तर आपण लपवत होतो असं दिसतं, जे सरांना अजिबात आवडणार नाही. शब्दमर्यादेचं म्हणाले तर सप्लिमेंट दाखव. आणि एवढं करूनही सर म्हणाले की सेंट्रॅलिटीचा क्रम ठेवायचा आणि सीएस गाळायचा, तर तू म्हण की मग सेंट्रॅलिटीचा भागच काढू, नुसते एजेस ठेवू, इंटर्व्हलसकट. आकडा नाही तर त्यावरचा दावाही नाही, एवढं सरांनाही नाकारता येणार नाही, आणि थीसिसच्या चॅप्टरला तर शब्दमर्यादा नसते, तिथे सगळंच टाक.